घोडा विरुद्ध घोडा: फिडेच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष आर्काडी द्वोर्कोविच आणि परिषदेचे सर्व सदस्य,
जागतिक बुद्धिबळ महासंघ (फिडे), लोझान

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरची. गेली अठरा वर्षं घराच्या पुढच्या खोलीत मुलामुलींना बुद्धिबळ शिकवते आणि शनिवार-रविवार त्यांना एसटीनं स्पर्धांना घेऊन जाते. माझी धाकटी मुलगी तेरा वर्षांची आहे, तीही खेळते. हे पत्र मराठीत लिहिलं आहे, कारण ते आधी माझ्याबरोबर हॉलबाहेर पायऱ्यांवर बसणाऱ्या आयांनी वाचावं असं मला वाटतं. त्याचं इंग्रजी करून तुमच्याकडे पाठवते आहेच.

मागच्या महिन्यात एका ब्लिट्झ स्पर्धेत मुलीचा डाव शेवटाला आला. पाच-पाच मिनिटांचा डाव, चालीमागे वाढीव सेकंद नाहीत. पटावर दोन राजे आणि दोन घोडे उरले होते, एक तिचा, एक समोरच्या मुलाचा. त्याच्या घड्याळाचा वेळ संपला, तेव्हा हिचे चार सेकंद शिल्लक होते. हिनं घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आले, पटाकडे बघितलं आणि म्हणाले, "घोड्याला घोडा, ड्रॉ." हिनं विचारलं, "सर, पण त्याचा वेळ संपलाय ना?" उत्तर आलं, "घोड्यानं मात होत नाही बाळ. सही कर." तिनं सही केली.

मी आत गेले तेव्हा पुढच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या होत्या. अपील समितीत कोण आहे असं विचारलं, तर कुणालाच नावं सांगता येईनात. "अर्ध्या गुणासाठी एवढं कशाला, ताई?" असं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. ते पंच सज्जन आहेत, दिवसभर उभे असतात, मुलांशी कधी आवाज चढवत नाहीत. म्हणून मी स्पर्धेचं किंवा त्यांचं नाव इथं घेत नाही, कुणी विचारलं तरी घेणार नाही. पण नियम तुमचा आहे, त्यामुळे पत्र तुम्हाला आहे.

तुमच्या नियमांचं कलम ६.९ सांगतं, की ज्याचा वेळ संपला तो हरला. बरोबरी फक्त तेव्हाच, जेव्हा नियमात बसणाऱ्या कुठल्याही चालींनी समोरच्याला त्याच्या राजावर मात करता येणं अशक्य असतं. घोड्याविरुद्ध घोडा असताना ते अशक्य नाही. पांढरा राजा बी६ वर, पांढरा घोडा सी७ वर, काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात आणि काळा घोडा त्याच्या शेजारी बी८ वर. घोड्याचा शह आहे. ए७ आणि बी७ ही घरं पांढऱ्या राजानं अडवली आहेत, बी८ वर स्वतःचाच घोडा बसला आहे आणि त्या घोड्याला सी७ वरचा घोडा मारता येत नाही. मात. अशी स्थिती प्रत्यक्ष खेळात क्वचितच येईल, पण नियम ती किती वेळा येते असं विचारत नाही. येऊ शकते का, एवढंच विचारतो.

त्या रात्री मी मुलीला मोनिका सोच्कोची गोष्ट सांगितली. आपल्याकडच्या बातम्यांत तिचं नाव 'सोको' असं छापतात.

२००८ साल. रशियातल्या नालचिक शहरात महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती, बाद पद्धतीची. पहिल्याच फेरीत वॉर्साची तीस वर्षांची सोच्को आणि रोमानियाची एकोणीस वर्षांची सबिना-फ्रान्चेस्का फोइशोर यांची बरोबरी सुटता सुटेना. प्रकरण आर्मागेडनवर आलं. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: आर्मागेडन हा निकाल लावण्याचा शेवटचा डाव. पांढऱ्याला थोडा जास्त वेळ मिळतो, पण त्याला जिंकावंच लागतं. डाव बरोबरीत सुटला तर काळा पुढे जातो. सोच्कोकडे पांढरी मोहरी होती.

मोहऱ्या मारल्या जात जात अखेर पटावर दोन राजे आणि दोन घोडे उरले. फोइशोरचा वेळ संपला. पंचांनी डाव बरोबरीत सोडवला, म्हणजे सोच्को स्पर्धेतून बाहेर. सोच्कोनं तो निर्णय मानला नाही. मात करणं शक्य आहे, तेव्हा वेळ संपलेली खेळाडू हरली, हे तिनं मांडलं आणि अपील केलं. अपील मान्य झालं, डाव तिला दिला गेला आणि ती दुसऱ्या फेरीत गेली. नियम तोच, मोहरी तीच, पंचांचं वाक्यही बहुधा तेच असावं.

हे ऐकून मुलगी म्हणाली, "मग मी पण सही करायला नको होती." मी तिला सांगितलं की सही केली तरी अपील करता येतं, तेही तुमच्याच नियमांत आहे, कलम ११.१० मध्ये. तिला ते माहीत नव्हतं. त्या हॉलमधल्या दोनशे मुलांपैकी किती जणांना माहीत असेल?

आता जी गोष्ट मला जास्त लागते, ती. सोच्कोचं नाव शोधलं की तो नालचिकचा व्हिडिओ सगळ्यात आधी पुढे येतो. दोन बायका घाईघाईनं घोडे नाचवताहेत, घड्याळावर हात आपटताहेत, एवढंच. माझ्या ओळखीचे चांगले खेळाडूसुद्धा तिला "ती घोड्यावरून भांडलेली" म्हणून ओळखतात. त्यापलीकडे तिच्याबद्दल विचारलं तर गप्प होतात. असं जिंकणं खिलाडूवृत्तीत बसतं का, असंही मला पालकांनी विचारलं आहे. माझं मत स्पष्ट आहे. घड्याळ हा डावाचाच भाग आहे. त्या दिवशी काळ्याला बरोबरी पुरत होती, ही सवलत नियमानंच दिली होती आणि ती कुणाला खटकली नाही. मग त्याच नियमानं पांढऱ्याला दिलेला हक्क मागितला तर तो का खटकावा? आणि मागणारी बाई होती म्हणून तो जास्त खटकला का, हा प्रश्नही माझ्या मनातून जात नाही.

तर ही बाई कोण, ते थोडं सांगते. माहेरची मोनिका बोब्रोव्स्का, जन्म १९७८, वॉर्सा. नवरा बार्तोश सोच्को, तोही ग्रँडमास्टर. ज्या २००८ सालातलं भांडण सगळ्यांना आठवतं, त्याच साली तिला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. हा महिलांसाठीचा वेगळा किताब नव्हे, पुरुषांना मिळतो तोच, अडीच हजार रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणाऱ्या गुणांची, अट असलेला. पोलंडमध्ये हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्या देशाचं महिला अजिंक्यपद तिनं पुन्हा पुन्हा जिंकलं, पहिल्यांदा १९९५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी. २००२ मध्ये स्लोव्हेनियातल्या ब्लेडला ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेत, कांस्य, २००५ मध्ये गोथेनबर्गला युरोपीय सांघिक सुवर्ण, २०१६ मध्ये बाकूला ऑलिम्पियाडचं रौप्य, या तिन्ही पोलिश संघांत ती होती.

आणि आपल्याला, म्हणजे मराठी वाचकांना, तिची ओळख करून घेण्याचं एक अगदी जवळचं कारण आहे. सप्टेंबर २०२४, बुडापेस्ट. भारताच्या मुलींनी ऑलिम्पियाडचं सुवर्ण जिंकलं ते आपण ढोलताशांसह साजरं केलं. त्या स्पर्धेत भारत एकच सामना हरला, आठव्या फेरीत, पोलंडशी, दीड विरुद्ध अडीच. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं त्या दिवशी तिचा डाव जिंकला. आपलीच आर. वैशाली मात्र हरली, आणि तिला हरवणारी होती मोनिका सोच्को. वैशाली तेव्हा तेवीस वर्षांची, स्वतः ग्रँडमास्टर. सोच्को शेहेचाळीसची, बरोबर दुप्पट वयाची. त्याआधी दोन वर्षं, २०२२ च्या चेन्नई ऑलिम्पियाडमध्येही असंच झालं होतं. नवव्या फेरीत पोलंडनं भारताच्या पहिल्या संघाला हरवलं, ओलिविया क्योवबासानं सलग नववा विजय मिळवला आणि पुढे तिसऱ्या पटाचं सुवर्ण नेलं. त्या संघातही सोच्को होती. आपल्या मुलींना दोन ऑलिम्पियाडमध्ये अडवणाऱ्या संघाचा हा कणा. तिच्याबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? एक घोडा.

हा पोलंडही काही आभाळातून पडलेला नाही. १९३५ मध्ये वॉर्सात ऑलिम्पियाड भरलं, त्याच्या जोडीनं महिलांची जागतिक स्पर्धा झाली. त्या वेळची जगज्जेती व्हेरा मेंचिक हिनं नऊपैकी नऊ डाव जिंकले. तिच्यामागे दुसरी आली ती बावीस वर्षांची रेगिना गेर्लेत्स्का, वॉर्साचीच मुलगी. चार वर्षांनी त्या शहरावर बाँब पडू लागले. युद्धानंतर पुन्हा उभं राहायला वेळ लागला, पण १९८० मध्ये माल्टाला पोलिश महिला संघानं ऑलिम्पियाडचं कांस्य जिंकलं आणि १९८२ मध्ये आग्निएश्का ब्रुस्टमान ही मुलींची पहिली ज्युनियर जगज्जेती झाली. याच किताबावर पुढे पुण्याच्या सौम्या स्वामीनाथननं २००९ मध्ये आणि दिव्यानं २०२४ मध्ये नाव कोरलं. मी माझ्या शिकवणीतल्या मुलींना ब्रुस्टमानबद्दल सांगायचं ठरवलं, तेव्हा तिचे डाव, तिची मुलाखत, तिचं कार्य असं एकत्र काही तुमच्याकडे मला मिळालं नाही. इथून तिथून वेचावं लागलं. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. म्हणून असेल, पण पोलंड म्हटलं की इथल्या माणसाला ते फार लांबचं वाटत नाही. निदान मला वाटत नाही.

आता तक्रारी.

पहिली पंचांच्या तयारीबद्दल. स्पर्धेला रेटिंग तुम्ही देता, पंचांना पदव्या तुम्ही देता, शुल्कही त्यासाठी घेता. नालचिकला जे झालं ते जागतिक अजिंक्यपदाच्या हॉलमध्ये झालं. त्यानंतर इतकी वर्षं गेली आणि तेच वाक्य माझ्या मुलीला ऐकावं लागलं. नियमांचा इंग्रजी मजकूरच प्रमाण मानायचा, असं तुमच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. आमच्याकडचे अनेक पंच मराठी शाळांतले शिक्षक आहेत. त्यांनी "शक्य असलेली कुठलीही चालींची मालिका" हे वाक्य इंग्रजीत वाचून, उदाहरण न बघता, गोंगाटात दहा सेकंदांत लागू करायचं अशी तुमची अपेक्षा आहे. त्यात भर म्हणजे मुलं ज्या ऑनलाइन खेळांवर रोज खेळतात, त्यातल्या काहींवर वेळ संपल्यानंतरचा नियम वेगळा आहे. तिथं एकट्या घोड्याला मात करण्याइतकं बळ मानत नाहीत. त्यामुळे मुलांनाही पंचांचं पटतं. माझ्या मुलीच्या समोरचा मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

दुसरी अपिलाबद्दल. सोच्कोला न्याय मिळाला याचं कारण एवढंच की ती तीस वर्षांची, अनुभवी, नियम पाठ असलेली खेळाडू होती आणि तिथं अपील ऐकणारी माणसं हजर होती. तेरा वर्षांच्या मुलीजवळ यातलं काहीच नसतं. मोठ्या माणसाला "तुमचं चुकलं" म्हणायचं नाही हे तिला घरी आणि शाळेत शिकवलेलं असतं. मुलग्यांनाही शिकवतात, पण मुलींच्या अंगात ते जास्त मुरतं, हे मी माझ्या खोलीत रोज बघते. मुलगा पंचांना हाक मारतो. मुलगी आधी माझ्याकडे बघते.

तिसरी तक्रार तुमच्याच जुन्या शब्दाची आठवण आहे. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वेळचे तुमचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. एका मराठी मुलीमुळे जगभरच्या मुलींसाठी दार उघडलं, आणि ते फिडेनं उघडलं. तो निर्णय मी दर वर्षी माझ्या नव्या मुलींना सांगते. म्हणूनच विचारते, की दार उघडल्यावर पुढे काय केलंत?

चौथी पैशांची, थोडक्यात. २०२५ च्या जुलैत बातुमीला महिलांचा विश्वचषक दिव्यानं जिंकला, पहिलं बक्षीस पन्नास हजार डॉलर. त्याच वर्षी गोव्यात खुल्या गटाचा विश्वचषक झाला, पहिलं बक्षीस एक लाख वीस हजार. खुल्या गटात खेळाडू जास्त, फेऱ्या जास्त, हे मला कळतं. एवढी तफावत त्यानं समजत नाही. २०२२ हे तुम्ही बुद्धिबळातल्या स्त्रीचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षाचं पुढच्या वर्षांत काय उरलं, ते आम्हाला आकड्यांत दाखवा.

माझ्या मागण्या अशा:

वेळ संपल्यावरचा नियम, चार-पाच स्थितींच्या आकृत्यांसह, एका पानावर छापून प्रत्येक रेटिंग स्पर्धेच्या हॉलमध्ये स्थानिक भाषेत लावणं सक्तीचं करा. घोडा विरुद्ध घोडा ही स्थिती त्यात पहिली असावी. मराठी पान मी स्वतः विनामूल्य तयार करून देते, तुमच्या तज्ज्ञांनी तपासून घ्यावं.

नियमांच्या पुस्तिकेचा मराठीसह भारतीय भाषांत अधिकृत अनुवाद करून घ्या आणि पंचांच्या परीक्षेत हा प्रश्न वगळता येणार नाही असा ठेवा.

रेटिंग स्पर्धेत अपील समितीची नावं पहिल्या फेरीआधी फलकावर लागलीच पाहिजेत. समितीत किमान एक स्त्री असावी. अठरा वर्षांखालच्या खेळाडूकडून अपिलासाठी अनामत रक्कम घेऊ नये, आणि अपील करताना त्याच्याबरोबर पालक किंवा प्रशिक्षक उभा राहू शकेल अशी तरतूद असावी.

महिलांच्या अधिकृत स्पर्धांत, अगदी खालच्या पातळीवरही, वाढीव सेकंद नसलेल्या डावावर कुणाचं बाहेर जाणं ठरवू नका. असा डाव ठेवलात, की पटावर काय आहे यापेक्षा हात किती चपळ आहे याला महत्त्व येतं, आणि त्यातून नालचिकसारखे प्रसंग ओढवतात.

महिला बुद्धिबळाचं एक कायमचं, सर्वांना खुलं दप्तर उभं करा. १९२७ च्या लंडनच्या पहिल्या महिला जागतिक स्पर्धेपासून पुढचे जे डाव मिळतील ते सगळे, आणि आज हयात असलेल्या ज्येष्ठ खेळाडूंच्या मुलाखती त्यांच्या त्यांच्या भाषेत. ब्रुस्टमान आहे, सोच्को आहे, आमच्याकडे खाडिलकर भगिनी आहेत. नालचिकच्या डावाशेजारी बुडापेस्टचा वैशालीविरुद्धचा डावही दिसला पाहिजे.

बक्षिसांची तफावत कुठल्या साली किती कमी होईल, याचं वेळापत्रक जाहीर करा.

माझ्या मुलीचा तो अर्धा गुण परत द्या, अशी मागणी मी करत नाही. ती स्पर्धा संपली आहे. ज्या मुलाला अर्धा गुण मिळाला त्याची काहीच चूक नव्हती, त्याला उगाच त्रास नको. त्याच्या आईशी माझं बोलणं झालं आहे. तिनंही या पत्राखाली सही करायची तयारी दाखवली.

पुढची स्पर्धा सांगलीला आहे, अकरा फेऱ्या, दोन दिवस. मी कलम ६.९ चं मराठी पान आणि ती बी६-सी७ ची आकृती छापून नेणार आहे आणि आयोजकांना हॉलमध्ये लावायची विनंती करणार आहे. तुमचं पत्र तोवर आलं तर तेही शेजारी लावीन. उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल, मराठीत करून सगळ्या पालकांना मी वाचून दाखवते.

आपली नम्र,
एक बुद्धिबळ शिक्षिका आणि एका खेळाडूची आई
कोल्हापूर